डाव्या पायाला काम नाही

१२ जानेवारी, रविवार

डॉक्टर म्हणतो, ओरडू नका, रक्तदाब वाढतो. मग राग आला की काय करू, असं विचारलं तर म्हणाला, लिहून काढा. रक्षानं, माझ्या लेकीनं, लगेच बेळगावातनं वही पाठवली. वर गुलाबाचं चित्र. साठीला आलेला ट्रक ड्रायव्हर आता गुलाबाच्या वहीत शिव्या लिहिणार.

पहिला राग दारात उभ्या असलेल्या गाडीचा.

साखरेच्या आजारानं माझ्या डाव्या पायाची बोटं नेली आणि उरलेल्या पायातली जाण नेली. चटका बसला तरी त्या पायाला कळत नाही. मग क्लच कुठे आहे ते काय कळणार? बेळगाव ते गोवा तीस वर्षं ट्रक चालवलेल्या मी पावसाळाभर ओट्यावर बसून कोंबड्या हाकल्या. म्हणून रक्षानं ही जुनी ऑटोमॅटिक गाडी घेऊन दिली. क्लच नाही. गिअर आपले आपणच पडतात. डाव्या पायाला कामच नाही.

देताना अटही घातली. "आप्पा, गाडी जमली तर ऱ्हावा तिथं. नाही जमली तर घराला कुलूप घालून आईला घेऊन बेळगावला यायचं. अडीनडीला तिथं बस मिळत नाही की रिक्षा मिळत नाही." तिचं घर तिसऱ्या मजल्यावर. खिडकीतनं समोरच्याची खिडकी दिसते. तिथं मी आठवडाभरात मरेन. माझं घर इथं आहे, जोयड्याच्या पुढे उळवीच्या रस्त्याला. भात आहे, फणस आहेत, दोन म्हशी आहेत. मी हलणार नाही. म्हणजे ही गाडी मला जमलीच पाहिजे, आणि म्हणूनच ती बघितली की टाळकं सटकतं.

रुक्माला, माझ्या बायकोला, विचारलं, गाडी कशी वाटते? म्हणाली, "बेळगावला जायला बरी हाय." काहीही बोलते.

१५ जानेवारी

काल संक्रांत. तिळाच्या वड्या घेऊन जोयड्याला निघालो. रस्त्यात गाय आडवी आली. तीस वर्षांची सवय, डावा पाय क्लच दाबायला गेला. तिथं क्लच नाही, शेजारी ब्रेक आहे, तोही हातभर रुंद. गाडी जागच्या जागी थांबली आणि सगळ्या वड्या समोरच्या काचेवर. गाय माझ्याकडे बघत उभी.

दुसरं म्हणजे, ब्रेकवरनं पाय काढला की ही न सांगता चालायला लागते. मी अजून ठरवतोय, आणि बाईसाहेब निघाल्या! ट्रक कधी असा वागला नाही. ट्रकला मी सांगायचो, मग तो हलायचा.

"पाळण्यात बसल्यागत मऊ जातीया," रुक्मा म्हणाली. मी म्हटलं, मऊ गाडी आजाऱ्यांसाठी असते. ती म्हणाली, "मग?"

२१ जानेवारी

रामनगरला शिवानंदच्या गॅरेजला गेलो. रक्षाचाच हट्ट. हा शिवानंद हुबळीला ऑटोमॅटिक गाड्या शिकून आला आहे आणि हे तो येणाऱ्या प्रत्येकाला सांगतो. गळ्यात साखळी, हातात मोबाईल, तोंड बंद म्हणून नाही.

"अण्णा, हिच्यात इंजिन आणि गिअरबॉक्सच्या मध्ये लोखंडाचा जोडच नाही बघा. तेल आहे तेल!" असं म्हणून टाळीसाठी हात पुढे केला. मी दिली नाही. पुढे दोन टेबलफॅन समोरासमोर मांडून प्रयोग करायला लागला. तीस वर्षं ज्यानं इंजिनची धडधड तळपायानं ऐकली त्याला हा पंख्यांचा खेळ दाखवणार! मी उठलो आणि समोरच्या टपरीवर गेलो. तिथं जुने ट्रकवाले भेटले, चहा झाला, बरं वाटलं. रुक्मा मात्र तिथंच बाकावर बसून ऐकत राहिली. तिला पंख्याचा वारा लागत असेल.

येताना वाटभर तीच सुरू. "एक पंखा चालू केला की म्होरला बंद पंखाबी वाऱ्यानं फिरतोय. तसंच हिच्या आत. वाऱ्याच्या जागी तेल. इंजन एक पंखा फिरवतंय, तेल दुसऱ्याला ढकलतंय. त्याला टॉर्क कन्व्हर्टर म्हनत्यात."

"तू हुबळीला शिकलीस काय?"

"ऐका तरी. चढाला गाडी थांबवायची तर ब्रेकनं धरा म्हनला. ॲक्सलेटरवर धरली तर दोनी पंखे तेलातच झगडत्यात, तेल तापून जळतंय. उताराला न्युट्रल नगो. डावा पाय सीटच्या बुडात ठेवा, त्याला झोपू दे. आनि गाडी बंद पडली तर रस्सीनं..."

"रस्सी मला शिकवू नकोस!" मी ओरडलो. अनमोडच्या घाटात भरलेले ट्रक मी रस्सीनं ओढून वर आणलेत. तिच्या बापाचं रामनगरात कापडाचं दुकान होतं, तिला रस्सी म्हणजे गाठोडं बांधायची एवढंच माहीत. तिनं तोंड फिरवलं. जगलपेठ येईपर्यंत खिडकीबाहेर बघत होती.

२९ जानेवारी

चोरून लिहितो. आज कुंभारवाड्याच्या चढाला गाडीनं गिअर बदलला तो बरोबर त्या वळणावर, जिथं मी बदलला असता. धक्का नाही, आवाज नाही. मला क्षणभर वाटलं माझाच पाय तिच्या आत आहे.

मग राग आला. त्या वळणावर गिअर कुठे टाकायचा हे शिकायला मला दोन पावसाळे लागले होते आणि उस्तादाच्या शिव्या खाव्या लागल्या होत्या. हिला काय लागलं? तेल!

येताना उताराला न्युट्रल टाकून सोडली. आम्ही सगळे सोडायचो. डिझेल वाचतं, आणि उतारावर वारा कापत जाण्यात जी मजा आहे ती शिवानंदला काय कळणार. रुक्मानं गिअरच्या दांडीकडे बघितलं, मग माझ्याकडे बघितलं.

घरी आल्यावर इंजिन चालू ठेवून, गाडी सपाटीला लावून, गिअरबॉक्सची तेलाची दांडी काढून बघितली. तेवढं मलाही येतं. तेल लालभडक, कोकमाच्या सरबतासारखं. म्हणजे सगळं ठीक. उगाच घाबरवतात लोकांना.

६ फेब्रुवारी

आज दुपारी रुक्मा सापडेना. गोठ्यात नाही, विहिरीवर नाही. शेवटी बघतो तर अंगणात उभ्या गाडीत, आपल्या जागेवर बसून सुपात तांदूळ निवडते आहे. दार लावून!

"गाडी म्हणजे काय माजघर आहे?"

"हितं बसलं की कुटंतरी निघाल्यागत वाटतंय," म्हणाली.

सीटवर कोंडा सांडला होता. मी तो झाडून काढला आणि तिला चांगलं सुनावलं. संध्याकाळी रक्षाचा फोन आला. नात आता "आज्जी" म्हणते म्हणे. रुक्मा तासभर फोनला चिकटली होती, जेवणाला उशीर झाला. बायकांना फोनवर इतकं काय बोलायचं असतं, देव जाणे.

११ फेब्रुवारी

आज लिहितोच. नाहीतर कुणाचं तरी डोकं फोडेन.

उळवीची जत्रा. शेजारची म्हातारी माणसं मागे बसवून, रुक्माला शेजारी घेऊन सकाळीच निघालो. दरवर्षी मी ट्रकमधनं माणसं न्यायचो, यंदा काय चुकवणार? पुढे बैलगाड्यांची रांग. धारवाडकडचे लोक अजून बैलगाडीनंच येतात, शिंगांना गोंडे, गळ्यात घुंगरं. त्यांच्या मागे बस, जीप, सगळं चढावर अडकलेलं. हातभर पुढे, मग थांबा. हातभर पुढे, मग थांबा.

चढावर गाडी मागे सरकली तर ड्रायव्हरची लाज जाते. मागच्या बसवाल्यासमोर मी सरकू देणार नाही. ॲक्सलरेटर अलगद दाबून गाडी जागेवर तोलून धरली. किती वेळ धरली माहीत नाही, पण एक बोटभर मागे गेली नाही. ही कला आहे. रुक्मा म्हणाली, "ब्रेकवर धरा की." मी म्हटलं, माझ्या पायाला तू सांगू नकोस.

बाजूनं एक बाईकवाला आला, काचेवर टकटक केलं. "मामा, गाडी चालतीया तरी तुमची ब्रेकलाईट जळतीया. मगाधरनं बघतोय." मी म्हटलं, लाईट बिघडली असेल, तू तुझी बाईक बघ. जुन्या गाड्यांत वायरिंगची खोट असतेच. रुक्मा वाकून माझ्या डाव्या पायाकडे बघायला लागली, तिला सरळ बस म्हटलं.

मग वास आला. जळक्या साखरेसारखा. समोर लाल दिवा लागला. रांग हलली, मी दाबलं, इंजिन बोंबललं आणि गाडी जागची हलेना. नुसती बोंबाबोंब. मागनं बसवाला हॉर्नवर हॉर्न. लोकांनी ढकलून बाजूला घेतली. मला, महाबळेश्वर ड्रायव्हरला, उळवीच्या रस्त्यावर लोकांनी ढकललं! म्हातारी माणसं उतरून चालत पुढे गेली. जाताना एकजण म्हणाला, ट्रकच बरा होता.

गाडी गार होईपर्यंत थांबू या, असं रुक्मा म्हणत होती. शिवानंदला फोन लावू म्हणत होती. थांबायचं कशाला? आमच्या वाडीतला झिलू ट्रॅक्टर घेऊन परत चालला होता. त्याला हाक मारली. "काका, बांधू काय रस्सी?" त्यानं विचारलं. हा पोरगा कामाचा, उगाच प्रश्न नाहीत. गाठ मी स्वतः मारली.

रुक्मा म्हणाली, "अवो, रस्सी..."

"तू गप बस!" माझा आवाज चढला. चार लोक बघत होते. ती बघतच राहिली माझ्याकडे. मग पदर खोचला आणि जाऊन ट्रॅक्टरच्या मडगार्डवर बसली. लग्नानंतर पहिल्यांदाच एका शब्दात ऐकलं.

इंजिन बंद, गाडी न्युट्रलला, स्टिअरिंगवर मी. झिलूनं ट्रॅक्टर चांगला पळवला. वाडीपर्यंत रस्सीला एक झटका बसू दिला नाही मी. एवढ्या वाईट दिवसात तेवढं एक काम नीट झालं.

१५ फेब्रुवारी

शिवानंद बाईकवरनं आला. गाडीखाली शिरण्याआधी तेलाची दांडी काढून बोटावर तेल घेतलं. काळं. त्यात लोखंडाची चमचम. नाकाशी नेलं आणि तोंड वाकडं केलं.

"अण्णा, रस्सीनं ओढलात काय?"

"मग काय डोक्यावर घेऊन यायची?"

तो खाली बसला. कपाळाला हात लावला. मग सुरू झाला. गिअरबॉक्समध्ये तेल फिरवणारा पंप असतो, तो इंजिनवर चालतो. इंजिन बंद म्हणजे पंप बंद. चाकं मात्र फिरतात आणि चाकांबरोबर आतलं सगळं फिरतं, तेलाशिवाय, कोरडं. "जत्रेत तापली होती, ठीक आहे. गार करून, तेल बदलून मी ती चालवून दाखवली असती बघा. रस्सीनं मारली. पुढची चाकं उचलून आणायची, नाहीतर अख्खी गाडी ट्रकवर घालून. हे मी सांगितलं होतं की! अक्कांना सांगितलं होतं."

रुक्मा दारात उभी होती. ती वळून आत गेली.

मी शिवानंदला सांगितलं, तुझे पंखे आणि तुझी हुबळी घेऊन आत्ताच्या आत्ता चालता हो. ट्रक शंभर वेळा ओढला तरी मरत नाही. जी गाडी घरी ओढून आणली म्हणून मरते ती गाडीच नव्हे, ती नुसतं ढोंग आहे. ज्यानं ती बनवली त्याला उळवीच्या रस्त्याला आणून उभा करा. ज्यानं विकली त्यालाही. आणि झिलूला एवढा पळवायला कुणी सांगितला होता?

रुक्माला मात्र मी काही बोललो नाही. बायकांच्या डोक्यात यंत्राचं राहत नाही. विसरली असेल.

२ मार्च, रविवार

काल गाडी सपाट ट्रकवर घालून बेळगावला नेली. गिअरबॉक्स उघडणार, जळालेल्या प्लेटी बदलणार, पंप बदलणार, तो पंख्यांचा डबा नवा बसवणार. रक्षा फोनवर म्हणते, "आता तरी या, आप्पा." मी म्हटलं, गाडी मेलेली नाही, दवाखान्यात आहे. बरी होऊन आली की तुझी अट संपली.

फोन ठेवला आणि रुक्माला म्हटलं, तू विसरलीस म्हणून हे सगळं झालं. सहज म्हटलं होतं. ती ताक घुसळत होती. हात थांबला.

"मी इसरलो न्हवतो," ती म्हणाली.

"म्हणजे?"

"तुमी रस्सीला गाठ मारतासा तवा मला समदं याद हुतं. पंप फिरत न्हाई, आत कोरडं घासतंय, समदं. तोंड उघडलं. तुमी गप म्हनलासा. गप बसलो."

"मग वाटेत हाक मारायची! तू ट्रॅक्टरवर बसली होतीस, माझ्यासमोर!"

"वाटंत मला वाटलं, मरू दे." तिनं माझ्याकडे बघितलं, अगदी शांत. "मेली तर बेळगाव."

मी भांडं उचललं. कुणावर फेकणार होतो, माहीत नाही. परत ठेवलं.

"माझ्या घरात राहून माझी गाडी मारलीस?"

"व्हय."

एवढंच. व्हय. न रडता, न ओरडता. मग म्हणाली, "तीस वर्सं तुमी गाडीवर. मी हितं, सासू आनि म्हशी घेऊन. पावसात चार-चार म्हैने मानसाचं तोंड दिसत न्हवतं. तवा कुनी इचारलं न्हाई, रुक्मा, हितं ऱ्हातीस काय. आता बोटं गेली म्हनून तुमी घरात आलासा, तर आल्यापासनं नुसतं गप बस, गप बस. माझी नात आज्जी म्हनतीया, ते मला फोनात ऐकाय लागतंय."

आणि पुन्हा ताक घुसळायला लागली.

मी परसात जाऊन उभा राहिलो. तळपायाची आग मस्तकात गेली होती, डाव्या पायात आग लागलेली कळत नाही तरीसुद्धा. तोंडात शिव्यांची रांग उभी होती, पण एकीवरही तिचं नाव बसेना. मी तिला कधी विचारलं नाही, हे खरं आहे. पण विचारायचं काय असतं? घर आहे. घरात राहायचं असतं. लोक राहतात.

९ मार्च

बोलणं बंद. ती जेवण वाढते, मी जेवतो. म्हशीसुद्धा आमच्याकडे बघतात.

२३ मार्च, रविवार

गाडी तयार. काल झिलूच्या घरी म्हशी सोपवून दोघं बसनं बेळगावला गेलो. रुक्मानं पत्र्याची पेटी घेतली होती. मी विचारलं नाही. विचारलं तर सांगेल, अशी भीती वाटली.

आज सकाळी गॅरेजवाल्यानं गाडी दाखवली. तेल पुन्हा लाल. मी शहरात फेरी मारली, चढाला, सिग्नलला, सगळीकडे. लोण्यासारखी चालते. रक्षाच्या दारात हॉर्न दिला. रुक्मा खाली आली, काखेत नात.

"चल," मी म्हटलं. "जमली गाडी. अट संपली."

"जमली न्हवं? मग तुमी ऱ्हावा तिकडं," ती म्हणाली. "अट तुमची नि रक्षाची हुती. माझी न्हवती."

"आणि तू?"

"मी हितं."

"किती दिवस?"

"ठरवलं न्हाई."

नातीनं माझ्याकडे बघून हात हलवला. तिला वाटलं आज्जा फिरायला निघाला. मी काच वर केली आणि निघालो. खानापूर मागे गेलं, रामनगर मागे गेलं. वाटभर मी मोठ्यानं शिव्या देत होतो. आधी गाडीला, मग शिवानंदला, मग रक्षाला, मग रुक्माला. जगलपेठच्या पुढे कुणाला देत होतो, ते मलाच कळेना. गाडीनं एकदाही हिसका दिला नाही. जिंकलो मी. घर माझं, गाडी चालते, मला कुणी हलवू शकत नाही.

घरापुढे गाडी लावली आणि दाराकडे गेलो तर दाराला कुलूप.

तीस वर्षं ट्रकवरनं घरी येत होतो. पहाटे, दुपारी, भर पावसात, कधीही. या दाराला कुलूप मी कधी बघितलं नव्हतं. कुलूप होतं हेही मला माहीत नव्हतं. ढकललं की उघडायचं, आत चुलीचा धूर असायचा. काल निघताना तिनं लावलं असणार, मी गाडीचाच विचार करत पुढे चाललो होतो.

फोन केला. "किल्ली कुठे ठेवलीस?"

"माझ्या कमरंला हाय," रुक्मा म्हणाली. मागे नात काहीतरी गात होती. "दार मोडा, न्हाईतर झिलूकडं जेवा, न्हाईतर या."

दार मोडीन म्हणालो. तिनं बरं म्हटलं आणि फोन ठेवला. मी गोठ्यातनं पहार शोधून आणली. दाराला टेकवून उभा राहिलो. फणसाच्या लाकडाचं दार, माझ्या बापानं बसवलेलं. पहार परत कोपऱ्यात ठेवली आणि गाडीत येऊन बसलो. आता पिशवीतली वही काढून हे गाडीतच लिहितोय, डोकं नुसतं भणभणतंय.

ऊन अजून आहे. आत्ता निघालो तर दिवेलागणीला बेळगाव गाठेन. वाटेत रामनगरला शिवानंदच्या गॅरेजात तेल दाखवून घेतो, आता ऐकतो त्याचं काय ते. परत कुठे चाललात, अण्णा, असं तो विचारणारच. सांगेन, किल्ली आणायला चाललोय.